तार

शाळेतून चिठ्ठी आली : मुलीचे केस आवरून पाठवावेत.
खाली सही, सहीखाली शिक्का.
वर्गात कुणीतरी म्हणालं होतं, तारेचा ब्रश.
यानिरिसने मला ते जेवताना सांगितलं, तळलेलं केळं मोडत,
दुसऱ्याच कुणा मुलीबद्दल सांगावं तसं.

तारेचं मला शिकवू नका.
एकवीस वर्षं साखर कारखान्यात वेल्डिंग केलंय.
कुठली तार किती तापली की वाकते,
कुठली रागावून तडकते, हाताला कळतं.
पण ही तार
भिजली की खांद्यापर्यंत येते,
सुकली की कानामागे जाऊन बसते.
अशी मी कुठल्याच गोदामात पाहिली नव्हती.

आमच्या सान पेद्रोत केसांनाही चालचलणूक असते.
चांगले केस. वाईट केस.
माझे आईने वाईट ठरवले, सातव्या वर्षी वस्तरा फिरवला,
तो हात पुढे मी चालू ठेवला.
पोरीची आई माद्रिदमध्ये एका म्हातारीला आंघोळ घालते.
फोनवर म्हणते, एलादियो, सलूनमध्ये नेऊन सरळ करून टाक ना,
सोमवार तरी निभेल.
सोमवार निभतो गं. मंगळवारचं काय?

म्हणून भेंडी.
अर्धा किलो, कोवळी नाही, जरा जून,
चिरून उकळत ठेवली. पाणी दाट होत गेलं,
डाव उचलला की त्याच्यामागे हातभर तार.
गाळायला फडकं मिळेना.
बायकोचा मागे राहिलेला एक पायमोजा होता, नायलॉनचा,
घोट्यापाशी विरलेला.
त्यातून पिळलं सगळं.
मग तो धुऊन, वाळवून, परत खणात ठेवला. का, ते विचारू नका.

पहिली खेप आंबली.
दुसरीला मुंग्या लागल्या, कुणाचं तरी ऐकून मध घातला होता.
तिसरीत मूठभर जवस टाकले आणि जमलं :
अंड्याच्या पांढऱ्यासारखं, गार, बुळबुळीत.
एका रात्री अंधारात मी ते पावाला लावून खाल्लं.
वाईट नव्हतं.

तेल मात्र आपल्या हातचं नाही.
ते उसापलीकडच्या वस्तीत, मादाम इफोनिजकडे.
ती हैतीची. आमचे लोक तिच्याकडून बाटली घेतात,
तिच्या ओट्यावर टेकत नाहीत.
चौदा वर्षं मीही त्या दारावरून नुसती सायकल हाकली.
त्या दिवशी टेकलो.
ती एरंड काळा पडेस्तोवर भाजते, उखळात कांडते,
पाणी घालून दिवसभर उकळते, वर आलेलं चमच्याने टिपते.
चहूकडे ऊसच ऊस,
आणि मधोमध हे एरंडाचं गुऱ्हाळ,
सूर्य कलेपर्यंत एक बाटली, करपट वासाची.
तिने पैसे मोजले. मग माझी बोटं पाहिली,
ठिणग्यांनी बधिर झालेली.
म्हणाली, टोकापासून सुरू कर. वर वर जा.
थेट मुळाला हात घालणाऱ्याला केस चोर समजतात.

रविवार. यानिरिस माझ्या गुडघ्यांच्या मधे, बुटक्या स्टुलावर,
मांडीवर गणिताची वही.
बोटांना फारसं कळत नाही,
म्हणून तिचा श्वास कुठे अडतो ते ऐकतो.
तिथे गुंता.
तिथे आणखी थोडी भेंडी.
थांबायचं. पुन्हा टोक.
चार भाग, मग आठ, मग मोजणं सुटतं,
बाहेर डॉमिनो खेळणारे दोन डाव संपवून भांडतात,
आणि एक बट माझ्या बोटाला वेढा घालून
स्वतःच्याच जागी परत जाते.

चिठ्ठी अजून भिंतीवर आहे, खिळ्याला.
पाठीमागच्या कोऱ्या बाजूला मी प्रमाण लिहिलंय :
भेंडी अर्धा किलो, जवस मूठभर, मध नको.

पपा, तुझे कसे होते?
वाईट, म्हणालो.
ती वळली. हसली नाही. दाखव, म्हणाली.
काय दाखवणार, डोक्यावर चार दिवसांची खसखस.
तिने तेलाचं एक बोट त्यावर टेकवलं
आणि सातचा पाढा पुढे चालू केला.

वस्तऱ्याचा वार गुरुवार.
गुरुवार आला, गेला.