वय वर्षे पाच ते आठ

थंडर बे. उणे एकतीस.
खिडकीबाहेर सरोवर गोठताना कण्हतं.

जाहिरातीत मी एक कापडी अस्वल टाकलं होतं,
समितीनं काढायला लावलं;
आमिष वाटतं, म्हणाले.
उरला नुसता प्रश्न:
तुमचं मूल रात्री खाजवत उठतं का?

अकरा हजार फोनांवर गेला तो.
तीनशेजणांनी बोट टेकवलं,
एकानं हसरा चेहरा पाठवला, का कोण जाणे.
फॉर्म पुरा भरणारे सात.

आणि पहाटे तीन बाराला आयला कोस्केला:
"ओनी आत्ता कुठे झोपलाय. हातांना मोजे बांधलेत.
चादर भिजत घातली,
रक्त गार पाण्यानंच जातं.
मंगळवारी नऊ पूर्ण झाली त्याला.
चार दिवसांनी काही बिघडतं का?"

उत्तरं मंजूर करून ठेवलेली आहेत, क्रमांकवार.
सहावं: आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आभार.
ते चिकटवलं. पुसलं.
मोजे सुती आहेत ना,
एवढंच विचारायचं होतं.
त्यालाही मंजुरी लागते.

लिहिते, खोडते.
तिकडे तिच्या काचेवर
माझे तीन ठिपके
हलत असतील अजून.