मात्रा

सावद्याच्या केळी संघात पावती छापली
आणि वायकोळेंचा वायकोळ झाला.

त्र्यंबक. डोळ्याला अक्षरं तीन,
सर्व्हरला बाइट चोवीस.
डिगंबर अठरा, वायकोळे एकवीस,
मधल्या दोन मोकळ्या जागा धरून पासष्ट.
मी कॉलमला एकशेवीस लिहिलेले,
जळगावच्या झोपेसाहेबांनी वरून चौसष्ट.
एका बाइटपायी मात्रा पडली
आणि सर्व्हर चकार शब्द बोलला नाही.

फोनवर मी तावातावाने. ते थंड:
"बेचाळीस हजार सभासद, डिस्क जुनी.
तू नावं बघतोस, मी गोदाम बघतो."
खोटं नव्हतं.
बाहेर शकील खोक्यात फण्या रचत होता.
तेरा किलोच्या वर गेलं की एक फणी परत काढायचा,
दाबून झाकण लावायचा नाही.

संध्याकाळी ठरलं : ते शहाण्णव देतील,
मी त्याच्या आत राहीन.
मावलं नाही तर कापायचं नाही,
अडवायचं. विचारायचं.

वायकोळे पावती उलटसुलट करत उभे.
"माही मात्रा कुठी गेली, भो?"
मी सांगायला लागलो, चौसष्ट, पासष्ट...
त्यांनी खिशातलं पेन काढलं,
ळवर मात्रा दिली
आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.