हजेरी

आर्डिस त्वेट बाईंची शाळा एका खोलीची.
चौदा मुलं, एक शेगडी
आणि खिडकीबाहेर नॉर्थ डकोटाचा वारा,
तो कधीच पटावर नव्हता, पण रोज यायचा.

मी तिसरीत. माझ्या आठाच्या पोटाशी
बाई तांबड्या पेन्सिलीनं ठिपका द्यायच्या.
नीट मिटव. गळतंय.

मग बाई निवडून बिस्मार्कला गेल्या.
एक वर्षाआड, जानेवारीच्या बर्फातून,
घरचा डबा घेऊन.
म्हणे विधेयकांचे मसुदेही तसेच तपासायच्या,
समासात ठिपका. गळतंय.
बावीस वर्षं.
त्यांच्या नावावर कायदा एकच:
शाळेच्या बसला पायरीपाशी दिवा.

आणि ते एक मत.
छोट्या शाळा मोठ्या शाळांत मिळवायच्या.
यादीत आमची सतरावी.
नावं पुकारत पुकारत आले त्यांच्यापाशी.
"त्वेट?"
"हजर," बाई म्हणाल्या.
सभागृह हसलं.
त्यांनी हसू ओसरू दिलं, वर्गात द्यायच्या तसं,
मग म्हणाल्या, "होय."

माझा बाप मरेपर्यंत त्यांच्याशी बोलला नाही.
चर्चमध्येसुद्धा बाक बदलला.

शेगडी लिलावात मी घेतली, अकरा डॉलरला.
धान्याच्या कोठीत असते, काट्याशेजारी.
थकल्यावर बाई यायच्या पाय शेकायला.
शाळेचं मी कधी काढलं नाही.
त्यांनीही नाही.
एकदा माझी वजनांची वही ओढून घेतली,
चष्मा वर केला,
आणि पेन्सिल मागितली.