डीजे

अकरा निघाली, शाहीन सिस्टर म्हणाली.
गुंगीतच मी बोटं मोजली,
दहाच भरली, अकरावं कुठं धरावं कळेना.
व्यंकटनं पेढे घेतले नाहीत,
पण गंजगोलाईत पेढ्यांच्या दुकानापुढं गाडी हळू केली,
हे मी मागं बसून पाहिलं.

तिसऱ्या दिवशी कळ.
उजव्या कुशीत, बरगडीखाली,
कुणी ओली चादर पिळत बसल्यागत.
मग ताप. मग लघवी लाल.
पाळी म्हणावं तर पाळी नव्हं.
जाऊबाई म्हणल्या, उष्णता हाय, धन्याचं पाणी पी.
प्याले, दोन तांबे.
मोरीत भिंतीवरची पाल आणि मी,
दोघी एकमेकींकडं बघत.

पुन्हा बार्शी रोड, तिसरा मजला.
डॉक्टर बिराजदारांनी फाइल पालथी करून
कोऱ्या बाजूला काढलं:
वर दोन काजू, खाली एक पिशवी,
मधे दोन बारीक रेघा.
सुई बीजांडाकडं जाताना
या रेघेला लागली, म्हणाले,
माझ्या बावीस वर्षांत ही दुसरी.

पहिली कोण असंल?
तिला लेकरू झालं का, हे विचारायचं राहून गेलं.

व्यंकट खुर्ची पुढं ओढून बसला.
मनपाचा वॉल्व्हमन.
कोणत्या गल्लीत जमीन ओलसर लागते
हे चप्पल काढून सांगणारा माणूस.
पाच वर्षं या दवाखान्यात
भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या फोटोकडं बघत बसलेला,
तो विचारायला लागला:
लाइन किती एमएमची?
गळती जोडावर का मधे?
आतून पाइप सरकवता येतो, का उकरावं लागंल?

डॉक्टर हसले नाहीत. आतूनच, म्हणाले.
सहा आठवडे डीजे ठेवू.

डीजे म्हणजे आमच्याकडं वरात,
काचा थरथरतात, म्हातारी कानात बोळे घालते.
मी हसले, आणि हसताना कुशीत असं दुखलं
की सिस्टर धावत आली.

आता तो माझ्या आत आहे, मुका.
दोन्ही टोकांना वेटोळं घालून.
वाकले की टोचतो,
केर काढताना, तुळशीपुढं, खाली पडलेली पिन उचलताना.

रात्री अडीचला व्यंकट वॉल्व्ह फिरवून येतो,
पाय धुतो, अंधारातच विचारतो,
आज रंग कसा?
लग्नाला नऊ वर्षं झाली,
इतकं आतलं त्यानं कधी विचारलं नव्हतं.

काल त्याची ड्यूटीची वही उघडी राहिली.
सोमवार: झोन चार, दीड तास, प्रेशर कमी. ती: डाळिंबाच्या पाण्यागत.
बुधवार: झोन सहा, लीकेज, दुरुस्ती. ती: कोऱ्या चहागत.
शनिवार: पाणी नाही. ती: जरा बरी. जेवली.

अकरातले चार गर्भ झाले,
तिसऱ्या मजल्यावर गोठवून ठेवलेत.
त्यांचं वहीत काहीच नव्हतं.
मी पेन घेतलं, शनिवारच्या खाली लिहिलं,
चार: थंड.
आणि वही होती तशी, उघडीच ठेवली.