द्विवचन

मंगळवारी साडेसहाला मी दुकानाचं शटर
अर्ध्यावर आणून ठेवतो.
पूर्ण खाली नाही, कारण कधीकधी तुल्लियो येतो
सातला पाच कमी असताना, फक्त मानेवरचे केस काढायला,
आणि त्याला नाही म्हणायला मी अजून शिकलेलो नाही.
कुठल्याच भाषेत.

त्रेसष्टाव्या वर्षी दप्तर.
तीच चामड्याची पिशवी, जिच्यातून वस्तरे नेत असे
इस्पितळात, अंथरुणाला खिळलेल्यांच्या दाढ्या करायला.
वर्गात क्रेन चालवून निवृत्त झालेला ब्रूनो,
रात्रपाळीआधी जांभया गिळत बसणारी नर्स ओर्नेला,
आणि यास्ना, आमच्या बाई, माझ्या मुलीहून लहान.
ती लाल शाई वापरत नाही. हिरवी.
वही माझी पालेभाजीच्या वाफ्यासारखी दिसते.

अभ्यासाला वेळ कुठून?
गरम टॉवेल तोंडावर ठेवला
की माणूस चार मिनिटं गप्प असतो.
ती माझी.
दिवसाला सात टॉवेल, अठ्ठावीस मिनिटं,
आरशाच्या कोपऱ्यात साबणानं लिहिलेला एक शब्द.
गुडघा: कोलेनो.
सरपण: द्र्वा.
एका क्रियापदापायी दोमेनिकोचा टॉवेल
पार थंडगार झाला. तो काही बोलला नाही,
झोपला होता.

आता खरं सांगतो.
ही भाषा माझ्या बायकोची.
नेवा वर पठारावर जन्मली, त्रिएस्तेहून बसनं वीस मिनिटं,
आणि मी स्लोव्हेन शिकायला फी भरतोय.
काखेत कळसा, गावाला वळसा.
पस्तीस वर्षं आम्ही माझ्या भाषेत भांडलो,
माझ्याच भाषेत मिटवलं.
रोज रात्री नऊला मात्र तिच्या बहिणीचा फोन,
आणि दाराआडून
शिसपेन्सिलीला टोक काढल्यासारखे आवाज,
मधेच हसू.
मी धरून चाललो होतो की विषय मी आहे.
माझं घोरणं. माझी आई. न्हावी असून टक्कल.

तिला सांगितलेलं नाही. मंगळवारी मी पत्ते खेळतो.
महिन्यातून एकदा कोपऱ्यावरून सॉसेज विकत घेतो
आणि जिंकलो म्हणून घरी नेतो.

मार्चमध्ये, बोरा वारा खिडक्या हलवत असताना,
पहिल्यांदा ऐकू आलं:
फरसबी. गुडघा. सरपणाचा भाव.
शेजाऱ्याची कुत्री, पुन्हा गुडघा.
मी कुठेच नाही.
थोडा अपमानच वाटला.

मग यास्नानं फळ्यावर लिहिलं:
एकवचन, अनेकवचन, आणि मधे
फक्त दोघांसाठी वेगळा प्रत्यय.
ब्रूनो म्हणाला, दोन माणसांसाठी आख्खं व्याकरण?
गोदीत एवढी उधळपट्टी चालत नसे.

त्या रात्री द्रागिता, जिचा एक कान बाद आहे
म्हणून फोन भिंतीपलीकडे पोचतो, ओरडली:
"प्रीदेता व नेदेल्यो?"
रविवारी येताय का,
तुम्ही नव्हे, तुम्ही दोघं.
त्या शेवटच्या "ता"मध्ये मी होतो.
दर आठवड्याला, पस्तीस वर्षं,
नेवाच्या शेजारी मला खुर्ची मांडलेली,
आणि मी दाराबाहेर उभा,
माझ्याबद्दल काय बोलतात ते ऐकत.

"प्रीदेवा," मी स्वयंपाकघरातून म्हणालो.
येतो. आम्ही दोघं.

फोनवर बराच वेळ कुणी बोलेना.
नेवा दारात आली, रिसीव्हर छातीशी धरून.
"उच्चार चुकलाय," ती म्हणाली.
आणि मग, जरा वेळानं,
"म्हणजे ते सॉसेज?"