पावणेपाच ग्रॅम

लारी म्हटलं की लोकांना हातगाडी दिसते.
ही ती नव्हे.
ही चांदीची तार, मधोमध दुमडलेली,
केसांतल्या आकड्यासारखी, जराशी चपटी,
दोन्ही पायांवर ठशाची अर्धीमुर्धी अक्षरं.
कधीकाळी याच बंदरात
हिच्या बदल्यात घोडे उतरायचे.

दाभोळच्या जेटीवर,
धोपाव्याची फेरी यायला वीस मिनिटं असताना
रोशन खडपकरने रुमाल सोडला.
तीन लाऱ्या.
"खाडीत जाळ्यात गावल्या वो काका.
तुमच्यासाठी ठेवल्या.
उद्या मुंबैवाला येतोय, मग माझ्या हातात नाय."

उद्या येणारा मुंबईवाला मला ठाऊक आहे.
एकतीस वर्षं वजनमापं खात्यात काढली,
प्रत्येक दुकानात तो उद्याच यायचा.

हमीद परकारांनी हे वेड लावलं मला.
ते म्हणायचे, सुरमई घेताना कल्ला उघडतोस,
बोटाने दाबतोस, नाक लावतोस,
आणि चारशे वर्षांची चांदी
नुसती गोष्ट ऐकून घेणार?

म्हणून आधी नाक.
खाडीचा वास नव्हता.
उकडलेल्या अंड्याच्या बलकाचा होता, पुसट.
डब्यात अंड्यासोबत झाकून ठेवली
की दोन दिवसांत म्हातारी होते चांदी.

मग नख, मग भिंग.
कडेने एक बारीक शिवण,
साच्याचे दोन ओठ मिटले तिथली.
ठसा मारलेल्या नाण्याला शिवण नसते.

मग खिशातला काटा,
वाऱ्याला टोपीचा आडोसा करून.
खरी लारी पावणेपाचच्या आसपास भरते,
कधी कमी, कधी किंचित जास्त.
या भरल्या चार पूर्णांक एक,
चार पूर्णांक एक,
चार पूर्णांक एक.
मला कमी वजन खटकलं नाही इतकं,
हे एकमत खटकलं.
हातोडीच्या हाताला एवढं एकमत जमत नाही.

आणि अक्षरंही तीच, तिथेच तुटलेली.
आणि तिन्हींच्या डाव्या पायावर
छिन्नीचा एकच तिरका घाव.

तिथे मात्र मी थांबलो.
कुणी सराफ, याच किनाऱ्यावर,
माझ्यासारखाच किरकिरा,
आत तांबं तर नाही म्हणून
त्याने एकदा छिन्नी मारून पाहिली असेल.
आत चांदीच निघाली असेल.
मान हलवून टाकली असेल थैलीत.
त्या घावाचाही साचा निघाला होता.
रोशनच्या रुमालात
त्या माणसाच्या शंकेच्या तीन नकला पडल्या होत्या.

मी विचारलं, "हिची आई कुठाय?"
"आयशीला कशाला मधी आणता?" तो तडकला.
मग भिंगाकडे बघितलं त्याने, मग माझ्याकडे,
मग बराच वेळ पाण्याकडे.

"ती इकली. गेल्या शिमग्याला.
होडीचं इंजिन बसलेलं.
साडेआठशे दिले मुंबैवाल्याने.
द्यायच्या आधी साबणावर ठसा घेतला, असाच.
परत बघायला मिळणार नाय म्हणून.
चिपळूणच्या भाच्याने नंतर ओतून दिल्या.
मग वाटलं..."

पुढचं त्याने रुमालात बांधलं.

म्हणजे लारी खाडीत खरंच गावली होती.
म्हणजे मुंबईवालाही होता.
एकतीस वर्षांत पहिलाच खरा निघाला,
आणि तो साडेआठशेत घेऊन गेला.

भोंगा वाजला. फळी पडली.
गाड्या चढल्या, माणसं चढली.
मी लारी घेतली नाही.
त्यानेही आग्रह केला नाही,
फक्त म्हणाला, "खरी असती तर किती?"
मी आकडा सांगितला.
सांगायला नको होता.

धोपाव्याला उतरलो तरी
बोटांना बलकाचा वास होता,
आणि अंगठा उगाच शोधत होता
डाव्या पायावरचा तो घाव.