मीटर नंबर चारशे सोळा

मालभाटात सर्कशीवाल्याचं घर कुठे होतं
हे विचारत निघालात तर दुपार जाईल
आणि घर सापडेल तीन ठिकाणी.

पोदेर म्हणेल, आता बँक आहे तिथे.
त्याचा बाप पहाटे पाव टाकायला जायचा
तेव्हा बलकांवात सिंहीण झोपलेली असायची,
बाप तिच्या शेपटीवरून पाय उचलून पुढे जायचा.
(बाप कुत्र्यांनाही भ्यायचा,
हेही तोच सांगतो, दुसऱ्या दिवशी.)

चर्चपाशी मेणबत्त्या विकणारी एस्पेरांस म्हणेल,
बँक कसली, पलीकडे, आंब्याच्या मागे.
वरच्या खिडकीतून समोरच्या माडापर्यंत तार होती
आणि नऊवारीतली एक बाई छत्री उघडून
तिच्यावरून बाजाराला जायची.
सांगलीकडची होती, एस्पेरांस ठासून सांगते,
खालून बघणाऱ्या पुरुषांना
चालता चालता मराठीत शिव्या घालायची.

सोनाराला जागा आठवत नाही.
त्याला हत्तीणीची कर्णफुलं आठवतात.
आजोबांनी मोडीत घेतली होती,
पितळ निघालं.

मी यात बोलत नाही.
मी वीजखात्यात होतो. नवी नोकरी, खाकी पिशवी,
आणि पोंसियान बार्रेटोंचा मीटर जिन्याखाली, उंचावर.
स्टुलावर चढल्याशिवाय आकडे दिसत नसत.
स्टूल लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं,
वरच्या फळीवर नखांचे खोल ओरखडे.
बारा महिने चढलो त्याच्यावर,
मग एकदा कळलं, हे कुणाचं स्टूल आहे.
त्यानंतर चपला काढून चढू लागलो.

बावीस खोल्या. महिन्याला तीन युनिट.
म्हणजे चाळीसचा एक बल्ब, संध्याकाळी अडीच तास.
हा हिशेब मी झोपेतही करू शकतो.
गाव सांगतं रोषणाई, बँड, दारात मोटारींची रांग.
असेल. माझ्या आधी असेल.
माझ्या वहीत तीन आहे. तीन. तीन. एकदा चार.

बार्रेटो यायचे बनियनवर,
पण पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, पॉलिश केलेले.
मी आकडा मोठ्याने वाचला
की किंचित वाकायचे,
कुणी टाळ्या वाजवल्यासारखे.

मग एका फेब्रुवारीत
वाचन आलं एकशे अडतीस.

मी उतरलो, चष्मा पुसला, पुन्हा चढलो.
चकती नेहमीसारखीच, आळसात फिरत होती.
'बार्रेटोबाब, हे काय?'
'पाहुणे होते,' ते म्हणाले.
आणि वाकले, नेहमीपेक्षा जरा जास्त.

शेजारी विचारलं. कुणी नाही म्हणाले.
तीन रात्री अख्खं मालभाट कार्निव्हालात होतं,
पोदेर, एस्पेरांस, सोनाराचं सगळं घर,
तोंडाला पीठ फासून नाचत होतं रस्त्यांवर.
त्या घराकडे बघायला
मागे कुणी उरलंच नव्हतं.

साहेब म्हणाले, म्हातारा भरणार आहे का एवढं?
मीटर नादुरुस्त, असं लिही आणि मिटव.
मी लिहिलं.

पुढे माझी केप्याला बदली झाली.
परत आलो तेव्हा सपाट जागा, दोरी बांधलेली,
एक पोरगा गाड्यांना शिट्टीने वाट दाखवत होता.
घर कधी पाडलं, यावरही तीन मतं आहेत.
स्टूल कुणी नेलं, हे कुणालाच ठाऊक नाही,
मीच एकटा विचारतो.

कधी भाजी घेऊन त्या बाजूने येतो,
जिना होता तिथे एक पांढरी गाडी असते बहुतेक.
थांबतो. पिशवी या हातातून त्या हातात घेतो.
शिट्टीवाला विचारतो, गाडी काढायची का आजोबा?

नाही, म्हणतो.
मीटर चांगला होता.